जुन्या फोर बाय फोर पिकअपची टकटक

दोन आवाज एकमेकांत मिसळले होते, म्हणून आधी ते वेगळे केले. रिव्हर्समधून पहिला गिअर टाकून क्लच सोडला की पोटाखालून ‘टक्क’. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की पुढून ‘कट-कट’.

इंजिन बंद, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, हाताने पिळून पाहिला. थोडी ढिलाई डिफरन्शियलच्या (वळणात चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीच्या) दातांत असतेच, ती सोडून द्यायची. बघायचं ते क्रॉसकडे, शाफ्टच्या टोकाच्या अधिकच्या चिन्हासारख्या सांध्याकडे: एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा तुकडा) हलतो आणि दुसरा जागचा ढळत नाही, म्हणजे क्रॉस गेला. मागच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची तांबूस भुकटीही होती. खोलण्याआधी शाफ्ट आणि तो जिथे बोल्टने बसतो त्या फ्लँजवर खुणा केल्या. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसले नाहीत तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. नवा क्रॉस ग्रीस निपलवालाच घेतला, म्हणजे ग्रीस भरता येतं.

स्टिअरिंगला मदतनीस लागतो. तो किंचित डावं-उजवं करत होता, मी खाली टाय रॉड एंडवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यावर, हात ठेवून. डाव्या एंडचा झटका बोटांना लगेच कळला. तो बदलल्यावर अलाइनमेंट केलंच, नाहीतर टायर कडेने झिजतो.

कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळताना गाडी अडखळते, कुरकुरते, ते मात्र तसंच ठेवलं. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावणारं मधलं डिफरन्शियल नाही. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि ताण शाफ्टमध्ये साठतो. चिखलात चाकं घसरून तो सुटतो. गॅरेजवाला तो बिघाड समजून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) उघडायला निघाला होता!