अधिवेशनाच्या आदल्या दिवशी: ग्रंथपालांसाठी कोहा कार्यशाळा

ठाण्यात वार्षिक अधिवेशनाआधी एक दिवसाची कार्यशाळा ठेवणार असाल तर विषय एकच घ्या: कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत मराठी पुस्तकांची नोंद. दोन विषय घेतले की कुणाचाच हात बसत नाही. वीस जण, दहा संगणक. सुरुवात साडेदहाला, म्हणजे कर्जत-कसाऱ्याकडचेही वेळेत पोचतात.

प्रत्येक जोडीला आपल्याच ग्रंथालयातली दहा पुस्तके आणायला सांगा. त्यांत दोन तरी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसलेली जुनी हवीत, खरी अडचण तिथेच येते. सरावाला कोहाची वेगळी प्रत लावा. चालू यादीत हात घालू नका. नोंदीच्या रकान्यांना (मार्क पद्धतीत) क्रमांक असतात: २४५ मध्ये शीर्षक, १०० मध्ये लेखक, ०८२ मध्ये ड्युई वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषयवार क्रमांक: मराठी कविता ८९१.४६१, कादंबरी ८९१.४६३.

टंकलेखनाला मात्र दीड तास द्याच. जुन्या फाँटमधली यादी थेट चिकटवली तर अक्षरांचा नुसता कचरा होतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. दिसतो सारखाच, पण आतले संकेतांक वेगळे, त्यामुळे पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडेलच असे नाही. सर्वांसाठी एकच कळफलक ठरवा, इनस्क्रिप्ट उत्तम. प्रत्येक नोंदीनंतर शेजारच्या जोडीला तेच शीर्षक शोधायला लावा.