गावात निसर्गमित्र तयार करताय? या चुका टाळा

गावातले निसर्गमित्र, म्हणजे जंगल-प्राण्यांवर लक्ष ठेवणारे स्वयंसेवक, घडवायच्या शिबिराला सभागृह भरतं, प्रमाणपत्रं वाटली जातात, पेपरात फोटो येतो. दिवाळीनंतर फोन लावा, एकही निसर्गमित्र उचलत नाही. ‘पोरांना आवडच नाही’ म्हणून आयोजक मोकळे होतात. त्याआधी शिबिराची तारीख तपासा.

पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुलं वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी. या दिवसांत शिबिराला जो निवांत येऊन बसतो, त्याचा जंगलाशी रोजचा संबंध कमीच असतो. रोवणी आटोपल्यानंतर आणि कापणी लागण्याआधीचे दिवस धरा. गोंदियात तर याच काळात सारस पक्षी धानाच्या बांधीत घरटं करून असतो. अंडी बहुधा दोन, उबवणी महिनाभराची. तेवढी जागा सोडून निंदण करा, हे शेतकऱ्याला त्याच्याच गावच्या माणसानं सांगितलं तर तो ऐकतो. बाहेरून आलेल्या साहेबानं सांगितलं तर मान डोलावतो. कापूसपट्ट्यात मात्र वेचणीचे महिने टाळा.

दुसरी चूक निवडीतली. मोटारसायकलवाली तरुण पोरं पटकन सापडतात, म्हणून तीच घेतली जातात. रानभाजी, मोह, डिंक कुठं आणि कधी मिळतो हे ज्या बायांना ठाऊक, त्यांना आमंत्रणच नसतं. त्यांची मजुरी बुडणार असेल तर तेवढा मोबदला आधीच ठरवा. ‘स्वयंसेवक’ म्हटलं की पोटाचा प्रश्न मिटत नाही.

सगळ्यात धोक्याची चूक सापांच्या तासाला होते. प्रशिक्षक उत्साहात साप हाताळून दाखवतो आणि पुढच्या आठवड्यात गावात दोन नवे सर्पमित्र तयार! हे प्रात्यक्षिक बंदच ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार फोटोवरून ओळखता आले तरी पुरे. बिनविषारी कवड्याला मण्यार समजून मारतात आणि मण्यारीला कवड्या समजून हात लावतात, म्हणून या दोघांवर वेळ घालवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते; वेदना कमी, त्यामुळे घरचे सकाळपर्यंत थांबतात. निसर्गमित्राचं काम एवढंच: दोर आवळू द्यायचा नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवू द्यायचा नाही, गाडी काढून सरकारी दवाखाना गाठायचा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते. साप घरात निघाला तर वनविभागाचा १९२६ क्रमांक पाठ हवा.

वाघाबद्दलही हाच संयम लागतो. पगमार्कचा, म्हणजे वाघाच्या पावलाच्या ठशाचा, किंवा घुबडाच्या घरट्याचा फोटो जागेसकट व्हॉट्सॲपवर गेला की गर्दी झालीच. माहिती थेट वनरक्षकाला द्यायची. मोहाच्या हंगामात मात्र गावाला सांगायचंच: अंधारात, एकट्यानं, वाकून फुलं वेचू नका. झाडाखाली पालापाचोळा जाळण्याऐवजी जाळी किंवा जुनं लुगडं अंथरा, वणवाही टळेल.

शाळेत पोरं गप्प बसतात? नावांची यादी पाठ करून घेणं थांबवा. शाळेजवळचं एक पळसाचं झाड द्या, वर्षभर त्यावर कोण येतं ते लिहू द्या.

नोंदी निरुपयोगी निघतात, त्याला कारण ‘आज खूप पक्षी दिसले’ असली वाक्यं. तारीख, जागा, किती, काय करत होते, एवढे चार रकाने आखून द्या. पक्ष्याचं गावातलं नावच लिहू द्या, गोंडी किंवा माडिया असलं तरी. पुस्तकातलं नाव नंतर शोधता येतं.

आणि या वह्या संस्थेच्या कपाटात नेऊ नका. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तिची प्रत मागवा, आपल्या गावची पानं निसर्गमित्रांपुढे मोठ्यानं वाचा. कुठला मामा (माजी मालगुजारी) तलाव बेशरम या तणानं भरलाय आणि कागदावर अजून स्वच्छ आहे, ते पहिल्याच बैठकीत निघेल, आणि वर्षभराचं काम तिथंच ठरेल.