संध्याकाळची चिडचिड: आधी २० मिनिटं पाठ टेका

कामावरून आल्या आल्या मुलांचा अभ्यास घ्यायला बसू नका. थकवा आणि भूक पोटात घेऊन पाढे विचारले की आवाज चढतोच, आणि मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं. आधी पाच मिनिटं त्याला जवळ घ्या. मग सांगा, "मोठा काटा सहावर येईपर्यंत मी पडतेय, नंतर आपण बसू." थोडं खा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, २० मिनिटांचा गजर लावून आडव्या व्हा. झोप लागलीच पाहिजे असं नाही. पाऊण तास झोपलात तर डोकं जड होतं आणि रात्री झोपही उशिरा लागते.

हे फसतं ते बहुतेक एकाच कारणानं: आई पडली तरी कुकर, दार, फोन सगळं तिलाच हाक मारतं. त्या वेळात मुलांकडे कोण बघणार, हे सकाळीच ठरवा. घरात दुसरं कुणी नसेल आणि मूल लहान असेल तर झोपू नका. त्याच्याजवळ भिंतीला टेकून बसा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतूनही बोलता येतं.