श्रावणात सातेरीला काय खाऊ घालाल?

वाईजवळच्या आमच्या गावात, परसातल्या दोन गुंठ्यांत मी सातेरी जातीच्या मधमाशांच्या तीन पेट्या ठेवते. पहिल्या वर्षी एप्रिलात जांभळी मोहरल्या, पेट्या नुसत्या घुमत होत्या, आणि मी निर्धास्त झाले. श्रावणात एका पेटीचं झाकण काढलं तर आत रिकामी पोळी. माशा उठून गेल्या होत्या. आजही ते आठवलं की पोटात तुटतं.

उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा, करंज माशांना पोसतात. पावसाळ्यात चहूकडे हिरवंगार असतं, पण मकरंद देणारी फुलं थोडी, आणि पावसामुळे माशांना लांब जाता येत नाही. म्हणून झाडं लावायची ती या उपाशी महिन्यांसाठी, आणि पेटीच्या जवळ.

माझी पहिली भिस्त तिळावर. जूनअखेर पाऊस स्थिरावला की बांधाच्या उताराला तीळ पेरा. पाणी साचलं तर मुळं कुजतात. साधारण चाळीस दिवसांत फुलं लागतात आणि खालून वर उमलत जातात, त्यामुळे एकच ओळ कितीतरी दिवस पुरते. थोडा तीळ पंधरा दिवस उशिरा टाकलात तर आणखी बरं. शेजारी काकडी आणि लाल भोपळ्याचे वेल सोडा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. सकाळी सातला बघा, एकेका फुलात दोन-दोन माशा परागाने माखलेल्या दिसतील. दोडकाही मी लावते, पण तो घरच्या भाजीसाठी. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा सातेरी घरी परतलेली असते. मक्याच्या दोन सऱ्या मात्र हव्यातच. तुऱ्यात मकरंद नसला तरी पराग भरपूर, आणि पिल्लं वाढतात ती परागावर.

जुलैत कारळा पेरलात की पावसाळा सरता सरता वाफा पिवळाधमक होतो.

तुळशीचं सांगायलाच हवं. सासूबाई वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडतात, झाड टिकावं म्हणून. ते बरोबरच आहे. मी वेगळी आठ रोपं पेट्यांजवळ लावली आणि त्यांना कात्री लावत नाही. दिवसभर माशा असतात त्यांवर.

थंडीसाठी फार खटपट नको. कोथिंबिरीचा अर्धा वाफा काढू नका, फुलू द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोड आलेले कांदे पुरा. त्यांचे पांढरे गोंडे पुढे माशांनी भरून जातात. झेंडू घ्यायचा तर एकेरी पाकळ्यांचा. हजारी गोंडा देवाला छान, पण पाकळ्यांच्या दाटीत माशीच्या हाती फारसं काही लागत नाही.

फुलोऱ्यात फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर दिवस मावळल्यावर करा, आणि शेजाऱ्यांनाही तसं सांगून ठेवा. मी दरवर्षी चहाला बोलावून सांगते. उन्हाळ्यात पेटीजवळ परळात पाणी ठेवा, त्यात खडे टाका. टेकायला जागा नसली की माशा बुडतात.