चॉकलेटच्या वडीतून पोरांना फेअरट्रेड कसं समजवायचं
एक वडी घ्या, 16 तुकडे करा आणि रोल वाटून द्या, कुणी घानाचा कोको शेतकरी, कुणी व्यापारी, कुणी कंपनीवाला, कुणी दुकानदार. शेतकऱ्याला एकच तुकडा द्यायचा, बाकीचे इतरांना. भांडण होणारच, होऊ द्या, तेच तर हवंय! मग सांगा की फेअरट्रेडमध्ये, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव देणाऱ्या व्यापारात, बाजार पडला तरी ठरलेला किमान भाव मिळतो, वर कोकोच्या टनामागे 240 डॉलर प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम, वेगळी आणि ते पैसे विहिरीवर घालायचे की शाळेवर हे शेतकऱ्यांची सोसायटीच मतदान करून ठरवते, घानातली 1993 सालची कुआपा कोकू अशीच एक. आता दुसरा राउंड, शेतकऱ्याला अजून एखादा तुकडा द्या, जास्त नको हां, यानेही कुणी श्रीमंत होत नाही.