संकल्पना नकाशावरून गणित शिकताय? या चुका टाळा

संकल्पना नकाशा म्हणजे एकेक कल्पना चौकटीत लिहून त्या रेघांनी जोडलेलं चित्र. हा नकाशा बहुधा बिघडतो तो रेघांमध्ये. चौकटी बरोबर असतात, पण त्यांना जोडणारी रेघ मुकी राहते. पणजीला मांडवीवरचा, केबलांनी तोललेला अटल सेतू घ्या. 'केबल' आणि 'ताण' या चौकटींमध्ये नुसती रेघ ओढून हाती काहीच लागत नाही. रेघेवर क्रियापदासकट लिहा: 'केबल आडवी होत गेली की ताण वाढतो'. मग त्या चौकटीवर क्लिक केलं की उघडेल असं गणित जोडा. समजा, एका केबलने 100 किलोन्यूटन उभा भार पेलायचा आहे. ताण = भार ÷ साइन θ (θ म्हणजे केबलचा आडव्याशी कोन). आडव्याशी 60 अंशांचा कोन असेल तर ताण सुमारे 115 किलोन्यूटन, 30 अंशांना थेट 200. हे आकडे स्वतः काढले की रेघेवरचं वाक्य डोक्यात पक्कं बसतं.

एकट्याने शिकणाऱ्याला याहून महाग पडणारी चूक म्हणजे एकाच बाणाला दोन कामं देणं. 'आधी हे शिका' वेगळं आणि 'याचा त्याच्याशी असा संबंध' वेगळं. अवकलन (डिफरन्शिएशन) आणि समाकलन (इंटिग्रेशन) या एकमेकींच्या उलट क्रिया. तो संबंध दोन्हीकडून जातो. शिकण्याचा क्रमही त्याच बाणांनी दाखवलात तर नकाशा गोल फिरतो आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. क्रमाला ठळक बाण, संबंधाला तुटक रेघ. ठळक बाण फिरून त्याच चौकटीत आले, तर एखादी चौकट फार मोठी झालीय. ती फोडा.

अडलात की ठळक बाणांवरून उलटं चालत जा. लाप्लास रूपांतराचं (अवकल समीकरणं सोपी करून सोडवण्याची पद्धत) उदाहरण सुटत नाही तेव्हा खरी गाठ पुष्कळदा आंशिक अपूर्णांकांत (मोठा अपूर्णांक लहान अपूर्णांकांत फोडणं) असते. तिथली दोन गणितं करून परत या.

एका नकाशात 15 ते 25 चौकटी पुरे. 'आरसी मंडलात (रोधक आणि कपॅसिटर जोडलेलं विद्युत मंडल) कपॅसिटर किती वेळात भरतो?' असा एकच प्रश्न माथ्यावर लिहा आणि त्याच्या उत्तराला न लागणारी चौकट बाहेर ठेवा. (1 किलोओहम, 100 मायक्रोफॅरॅड: काळस्थिरांक, म्हणजे रोध × धारिता, 0.1 सेकंद; अर्ध्या सेकंदात 99 टक्क्यांहून जास्त भरतो.)

तयार नकाशावर नुसतं क्लिक करत फिरू नका. समजल्यासारखं वाटतं, कागदावर मात्र उतरत नाही. आठवड्याने रेघांवरचे शब्द झाकून पुन्हा भरा. न बघता तीन गणितं सुटली, तरच 'आलं' या खुणेसाठी चौकट हिरवी करा.

पावसात सत्तरी तालुक्यात वीज गेली की नेटही जातं. सीमॅपटूल्ससारखं (CmapTools) नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवा, नकाशा तिथेच सेव्ह करा आणि जोडलेली गणितंही त्याच फोल्डरात ठेवा.