ऊसतोड महिलांच्या आरोग्याची गावपाहणी कशी करावी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळी पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा जणींची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरातील १५ ते ४९ वर्षांच्या महिलांमध्ये हे प्रमाण ३.३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण एवढी तफावत शरीरातल्या दोषामुळे पडत नाही. ती राहणीमान, मजुरी आणि कर्ज यांच्यामुळे पडते. जागतिक आरोग्य संघटनेने मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००८ च्या अहवालात रोजचे जगणे सुधारणे आणि सत्ता व साधनांचे विषम वाटप दूर करणे या दोन शिफारशींच्या जोडीला, विषमतेचे मोजमाप करणे ही तिसरी शिफारस केली होती. हे मोजमाप गावाला स्वतः करता येते. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचे सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांनी ते कसे करावे, याची ही मांडणी आहे.

पाहणीची वेळ आधी ठरवावी. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे एक फेरी जाण्यापूर्वी आणि दुसरी परतल्यावर घ्यावी लागते. पहिल्या फेरीत घरटी नोंद करावी: कोण जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराबरोबर), कोणत्या कारखान्याला, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, सोबत किती मुले, कोणी गरोदर आहे का. गरोदर बाईचे माता व बाल संरक्षण कार्ड आणि मुलांच्या लसीकरणाची नोंद तिच्या सामानात जाते आहे, याची खात्री त्याच भेटीत करून घ्यावी. कारखान्याच्या परिसरातल्या अंगणवाडीचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला, तर परक्या मुलखात तिला कोणाकडे जावे हा प्रश्न पडत नाही.

दुसरी फेरी अधिक महत्त्वाची आहे आणि ती घाईने उरकू नये. प्रश्न विचारणारी बाईच असावी, घरातले पुरुष शक्यतो समोर नसावेत, आणि उत्तर द्यायचे की नाही हे तिच्या मर्जीवर आहे हे सुरुवातीलाच सांगावे. ‘तुम्हाला काय आजार आहे?’ एवढेच विचारल्यास ‘काही नाही’ हेच उत्तर बहुधा मिळते. त्याऐवजी दिवसाचा क्रम विचारावा: पहाटे किती वाजता उठता, फडात (तोडणीच्या उसाच्या शेतात) किती वाजता पोहोचता, मोळ्या किती वेळ वाहता, कोपीपासून (राहत्या झोपडीपासून) पाणी किती लांब आहे, शौचाला कोठे आणि कोणत्या वेळी जाता, पाळीत काय वापरता आणि ते कोठे धुता, गाडी भरायला रात्री उठावे लागते का. त्यानंतर अंगावरून पांढरे किंवा लाल जाणे, अंग बाहेर येणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ होणे यांविषयी विचारले की बोलणे सहज पुढे सरकते.

खाड्याविषयी, म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसाविषयी आणि त्यापायी कापल्या जाणाऱ्या रकमेविषयी, मात्र बारकाईने विचारावे, कारण माझ्या मते या साऱ्या प्रश्नाची नाडी तेथेच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांपैकी एकाने जरी सुट्टी घेतली, तरी त्या दिवसाचे काम बुडते आणि वर खाड्याची रक्कम उचलीत चढते. पाळीचा त्रास, ताप, बाळंतपणानंतरची विश्रांती या सगळ्यांवर जणू दंडच बसतो. दुखणे अंगावर काढले जाते, अस्वच्छतेमुळे जंतुसंसर्ग वाढतो, पुढे खासगी दवाखान्यात पिशवी काढण्याचा सल्ला मिळतो, कर्करोगाची भीती घातली जाते, शस्त्रक्रियेचे पैसे पुन्हा मुकादमाकडूनच उचलले जातात आणि ते फेडण्यासाठी पुढचा हंगाम बांधला जातो. म्हणून खाड्याचे दिवस, कापलेली रक्कम आणि त्या दिवसांचे कारण हे तीन रकाने वहीत स्वतंत्र ठेवावेत. बायकांचे अज्ञान हे कारण लिहून मोकळे होऊ नये; खाडा आणि कर्ज यांचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळतो.

जिची पिशवी काढली आहे, तिच्याबाबत शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, सल्ला कोणी दिला, आधी औषधोपचार झाले का, सोनोग्राफी झाली का, काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी अहवाल मिळाला का आणि अंडाशयही काढले का, हे नोंदवावे. पाळी जाण्यापूर्वी अंडाशय काढल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून अशा महिलांना ग्रामीण रुग्णालयात तपासणीसाठी न्यावे. कागदपत्रे हाती नसतील तर दवाखान्याकडे लेखी मागावीत; वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

नोंदी जमल्या की गावाची एकच सरासरी काढून थांबू नये. ऊसतोडीला जाणारी आणि न जाणारी घरे वेगळी करावीत, मग वय, जात आणि जमीन यांनुसार आकडे पाहावेत. ग्रामसभेत केवळ आकडे मांडावेत. कोणाचेही नाव, आडनाव किंवा वस्ती ओळखू येईल असे काही वाचू नये. लहान गावात दोन-तीनच प्रकरणे असतील, तर तेवढा आकडाही उघड करू नये आणि तो थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावा.

यानंतर प्रत्येक मागणी ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याकडेच जावी, नाहीतर निवेदने नुसती फिरत राहतात. पिशवीच्या शस्त्रक्रियांविषयीची माहिती जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावी. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या असून त्यांत जिल्हास्तरीय देखरेख समितीची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना त्या सूचना तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले होते, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील समितीच्या बैठकींचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागावे. ओळखपत्र व कल्याण योजनांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे जावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार असंघटित क्षेत्रातील महिलेलाही २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

अड्ड्यावरील, म्हणजे मजुरांच्या मुक्कामाच्या जागेवरील, पाणी, शौचालय, दिवे आणि खाड्याची वसुली हे प्रश्न आरोग्य खात्याच्या हाती नाहीत. ते कारखाना आणि मुकादम यांच्या व्यवहाराचे आहेत, आणि कारखान्याला गाळप परवाना देण्याचा अधिकार पुण्यातील साखर आयुक्तांचा आहे. हंगाम सुरू झाल्यावर गेलेले पत्र परवाना दिल्यानंतर पोहोचते. म्हणून दुसऱ्या फेरीचे आकडे, कारखान्यांची नावे आणि ग्रामसभेचा ठराव यांची प्रत पावसाळ्यातच साखर आयुक्तालयात पोहोचती करावी, पोच घ्यावी आणि त्याच प्रतीची एक नक्कल संबंधित कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना द्यावी.